फुरसत कुणाच्या मालकीची?

‘फुरसत’ हा शब्द मूळचा अरबी. तिकडे त्याचा अर्थ ‘संधी’. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि इथे ‘मोकळा वेळ’ झाला. बाहेरून आलेलं सगळं परकंच राहतं, असं म्हणणाऱ्यांना मी हा शब्द दाखवतो.

आपल्या पेटीचंच पाहा. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. इथल्या कारागिरांनी तिला हाताचा भाता बसवला, बैठकीत मांडी घालून वाजवता येईल अशी केली. भजनी मंडळांत, कव्वालीत तरुणांच्या कितीतरी रात्री तिच्या साथीने रंगल्या. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने, म्हणजे ज्या नभोवाणीवरून मी बोलतो आहे तिनेच, पेटीवर बंदी घातली. ती तीस वर्षं टिकली. पण गावातली पेटी वाजतच राहिली, कारण ती गावाने वर्गणी काढून घेतलेली होती.

आता दुसरी बंदी. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि तरुणांची फुरसत मोबाइलमध्ये शिरली. टिकटॉक चिनी कंपनीचं. पण आपल्या पोरापोरींनी त्यात आपली बोली, आपला बांध, आपल्या नकला आणल्या. पेटीसारखंच तेही आपलंसं केलं. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी जाहीर केली. त्यामागे देशाच्या सुरक्षेचं कारण होतं. तो विषय वेगळा. पण खपून मिळवलेले चाहते आणि मंच, दोन्ही एकदम गेले. जुलैत अमेरिकी ‘रील्स’ आले, सप्टेंबरात ‘शॉर्ट्स’. मुलं तिकडे वळली. मालक बदलला, व्यवहार तोच राहिला : आपण बघत बसायचं आणि आपलं ते बघणं जाहिरातदारांना विकलं जायचं.

मोबाइल टाकून द्या, असं मी सांगणार नाही. माझं हे बोलणंही काहीजण त्यावरच ऐकत असतील. पण आठवड्यातली एक संध्याकाळ तरी अशी असावी, जिची किल्ली गावातच आहे. एखादी एकांकिका बसवावी, कबड्डीचं मैदान आखावं, वाचनालयात कवितांची बैठक भरवावी. समोर वीसच माणसं असतील. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा जमायला त्या वीसजणांना कुठल्या कंपनीची परवानगी लागत नाही.