खाऱ्या पाण्यातील रीळ : निवड आणि निगा
(रेडिओवरील भाषण)



गळाने मासा धरण्याच्या छंदाला पुण्याच्या परिसरात जी परंपरा लाभली आहे, ती गोड्या पाण्याची आहे. सरकारी चाकरीत असताना दख्खनच्या मुलखाची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी १८३९ साली ज्या महसीर माशाचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केले, तो त्यांना पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्याच पात्रात मिळाला होता. आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा कंपनीने याच माशाची पैदास करून त्याची पिले ठिकठिकाणच्या जलाशयांत सोडण्याचे काम गेली कित्येक दशके चालविले आहे. त्यामुळे पिसांचे आणि केसांचे कृत्रिम किडे गळावर बांधून फ्लाय-फिशिंग करणारा पुण्याचा माणूस सवयीने आणि सामानसुमानानेही नदीचा असतो. परंतु वरंधा घाट उतरून महाडमार्गे बाणकोटच्या खाडीशी पोहोचायला अवघे काही तास पुरतात, आणि नदीवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले रीळ सावित्रीच्या त्या मचूळ पाण्यात एका हंगामातच जाम होऊन बसते. असे का होते, आणि ते टाळण्यासाठी काय करावे, याविषयी आज बोलावयाचे आहे.

नदीवरच्या लहानसहान माशांच्या बाबतीत रीळ ही दोरी साठविण्याची एक सोय असते. मासा हातानेच दोरी ओढून काठाशी आणता येतो. खाडीत हे चालत नाही. भरतीच्या पाण्याबरोबर बोयांच्या पिलांमागे आत शिरलेला जिताडा, कांदळवनाच्या मुळांत दबा धरून बसलेली तांबोशी, किंवा खाडीच्या मुखाशी फिरणारा रावस, यांपैकी मोठा मासा गळाला लागला की पहिल्याच धावेत तीस मीटरांच्या आतबाहेरची फ्लाय-लाइन संपवून तिच्यामागे जोडलेले बॅकिंगही सरसर ओढून नेतो, आणि त्या घटकेला सारी भिस्त रिळातील ब्रेकवर, म्हणजेच ड्रॅगवर, येऊन पडते. ड्रॅग अडकला तर दोरी तुटते. आणि तुटलेल्या दोरीची किंमत त्या माशाला मोजावी लागते, कारण तोंडात रुतलेला गळ आणि मागे फरफटणारी तंगुसाची दोरी घेऊन तो मुळांच्या जाळ्यात गुंतून पडतो. म्हणूनच रिळाची निवड आणि निगा हा मी माशाविषयीच्या आपल्या जबाबदारीचा भाग मानतो.

प्रथम निवडीचा विचार करू. नदीच्या जुन्या रिळांत दातेरी चाकावर एक लहानशी जिभली टेकलेली असते. तिचा आवाज मोठा, पण रोध नाममात्र. खाऱ्या पाण्यासाठी चकतीचाच ड्रॅग हवा. ही चकती बुचाची असते किंवा कार्बनच्या तंतूंची. बुचाची चकती हळुवार सुटते आणि घरी उघडून साफ करता येते, मात्र तिला वेळच्या वेळी योग्य ते वंगण द्यावे लागते. कार्बनच्या चकत्या बहुधा रबरी कड्यांच्या बंदिस्त कोठीत असतात, त्यामुळे पाणी आणि वाळू आत शिरत नाही. पण ती कोठी बिघडली तर रीळ कारखान्याकडेच रवाना करावे लागते, आणि तो कारखाना बहुधा सातासमुद्रापलीकडे असतो. ज्याला दुरुस्तीचा हात आहे त्याने पहिला प्रकार घ्यावा, इतरांनी दुसरा. मात्र सुटे भाग मिळण्याची तजवीज काय, ही चौकशी दोघांनीही खरेदीपूर्वी करावी.

दुकानात रीळ हाती आले की ड्रॅग पूर्ण आवळून त्याचा जोर अजमावण्याकडे आपला कल असतो. त्याऐवजी ड्रॅग मध्यम ठेवावा, दोरीचे टोक सावकाश ओढावे, आणि स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेले चाक, फिरू लागण्याच्या पहिल्या क्षणाकडे सारे लक्ष द्यावे. तो हिसका देऊन सुटत असेल, तर तेवढा हिसका दोरीचे बारीक टोक तोडण्यास पुरेसा आहे, असे समजून ते रीळ परत करावे. टोकाची दोरी सात किलो ताण सोसणारी असेल, तर ड्रॅग त्याच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे पावणेदोन किलोंवर, स्प्रिंगच्या काट्याने मोजून लावावा. अंदाजाने लावू नये.

दुसरी गोष्ट स्पूलच्या गाभ्याच्या, म्हणजे ज्यावर दोरी गुंडाळली जाते त्या मधल्या भागाच्या, आकाराची. संक्रांतीच्या दिवसांत भरलेल्या आसारीवर मांजा भराभर चढतो आणि रिकामी होत आलेली आसारी फिरविताना हात भरून येतात, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. रिळाचेही तसेच आहे. दहा सेंटिमीटर व्यासाच्या गुंडाळीवर एका फेरीत सुमारे ३१ सेंटिमीटर दोरी चढते. व्यास पाचांवर आला की तीच फेरी निम्मे काम करते. शिवाय गुंडाळीचा घेर निम्मा झाला की ड्रॅगला हात न लावताही दोरीवरचा ताण दुप्पट होतो, आणि पाण्यात दूरवर पसरलेल्या दोरीला पाण्याचा विरोध होतो तो वेगळाच. तेव्हा मासा लांब गेला म्हणून घाबरून ड्रॅग आवळणे घातक होय. त्या वेळी तो किंचित सैल करावा आणि लागेल तेवढा रोध स्पूलच्या कडेवर तळहात टेकवून द्यावा. मोठ्या गाभ्याच्या रिळात हा फरक पुष्कळ कमी होतो, म्हणून खाडीसाठी तेच पसंत करावे.

धातूविषयी पुणेकरांना फार सांगण्याचे कारण नाही, कारण भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत अखंड गजातून कातलेला पुर्जा आणि साच्यात ओतलेला पुर्जा यांतील फरक जाणणारी माणसे येथे घरोघर आहेत. ॲल्युमिनियमच्या अखंड गजातून कातलेले आणि ॲनोडायझिंग केलेले रीळ घ्यावे. ओतीव रिळाच्या अंगात सूक्ष्म छिद्रे राहण्याचा संभव असतो.

आता खऱ्या शत्रूकडे वळू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचे जे संरक्षक आवरण असते, त्यावर ओरखडा पडला की क्षारातील क्लोराइड नेमके तेथून आत शिरते आणि धातूला खड्डे पाडते. आणि ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्क्रू बसविलेला असेल तेथे खाऱ्या पाण्याच्या योगाने विद्युत-घट तयार होऊन ॲल्युमिनियम झिजू लागते. स्क्रूच्या डोक्याभोवती दिसणारी पांढरी भुकटी ही त्याची पहिली खूण होय. त्यातही मिठाचा असा धर्म आहे की, हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की त्याला पाणी सुटते. म्हणजे मे महिन्यात घाट चढून पुण्यात आलेले मीठ कोरड्या हवेत रिळाच्या सांदीत निपचित पडून राहते आणि जूनमध्ये मृगाचा पाऊस लागला की आपले काम सुरू करते. कपाटात जपून ठेवलेले रीळ गणपतीच्या सुमारास जाम झालेले सापडते, त्याचे कारण हे आहे.

यावर उपाय साधा आहे, पण तो त्याच दिवशी करावा लागतो. रीळ रॉडवरून उतरवावे. ड्रॅग उघडा असेल तर पाणी आत शिरू नये म्हणून तो आधी आवळावा, आणि मग कोमट गोड्या पाण्याच्या संथ धारेखाली रीळ सावकाश फिरवीत धुवावे. नळीचा जोरदार फवारा कधीही मारू नये. तो मीठ बाहेर काढण्याऐवजी आत रेटतो. स्पूल वेगळा करून त्याची आतली बाजू, दांड्याचे मूळ आणि रीळ रॉडला जेथे बसते ती पट्टी जुन्या मऊ ब्रशने घासावी. सर्वांत अधिक हयगय होते ती बॅकिंगची. ओले बॅकिंग क्षार धरून ठेवते आणि त्याच्याखाली, नजरेआड, गाभा काळवंडत जातो. म्हणून मोठ्या माशाने ते ओढून नेले असेल तर सबंध उलगडून गोड्या पाण्यात भिजत घालावे आणि सावलीत वाळवावे. अमेरिकेतील चार्ल्स ऑर्व्हिस यांनी १८७४ साली पेटंट घेतलेल्या रिळाच्या दोन्ही बाजूंना भोके ठेवली, ती ओली दोरी वाळावी म्हणूनच. रीळ कोरडे झाल्यावर बेअरिंगला तेलाचा एखादा थेंब द्यावा, ड्रॅग पूर्ण सैल करावा, आणि ओलसर पिशवीत कोंडून न ठेवता हवेशीर जागी ठेवावे.

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. हौशी माणसानेही ते दोन महिने गळ बाजूला ठेवणे उचित होय, आणि रीळ संपूर्ण उघडून तपासण्यास याहून सोयीची वेळ नाही. भुकटी आलेले स्क्रू बदलावेत, रबरी कडी पाहावीत, आणि नव्या हंगामापूर्वी ड्रॅग पुन्हा काट्यावर मोजून घ्यावा. महाग रीळ प्रत्येकाला परवडेल असे नाही, परंतु ही निगराणी प्रत्येकाच्या आवाक्यातली आहे; आणि ज्या जिताड्याला आपण केवळ आपल्या आनंदासाठी गळ लावतो, त्याला लवकर काठाशी आणून, गळ काढून, धडधाकट परत सोडता येणे हे तिच्यावरच अवलंबून आहे. ज्याला हे अर्ध्या तासाचे काम जड वाटते, त्याने खाडीत गळ टाकू नये, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.