पोळ्याचा घास बेतानं

बायांनो, खांदमळणी झाली की दुसऱ्या दिवशी पोळा. बैल देवणी असो की लाल कंधारी, पुरणपोळीचा मान त्याचाच. पण मान एका घासाचा! दारोदारचा नैवेद्य मिळून टोपलंभर पोळ्या पोटात गेल्या, की पोटातलं आम्ल वाढून रवंथ थांबतं; बैल दगावतोसुद्धा. पुरण आपल्या हातचं, तेव्हा माप घालणंही आपल्याच हाती.

डावी कूस फुगली, चारा सोडला, तर तेल पाजत बसू नका. लगेच १९६२ लावा, फोन फुकट आहे.

मिरवणुकीत कानाशी फटाके, डीजे नको. बुजलेला बैल कासरा तोडतो, पोरं समोरच असतात.

दारी आलेल्या बैलाला घास द्या, बाकीची पोळी त्याच्या धन्याला वाढा. तो नाही म्हणणार नाही.