छातीत धडधडतं तेव्हा

मैत्रिणींनो, रात्री सगळं आवरून पाठ टेकली की छाती धडधडते आणि वाटतं, हा झटकाच! आपण पुन्हा पुन्हा नाडी बघतो. घाबरल्याने ती आणखी पळते, ती पळाली म्हणून भीती वाढते.

एकदा डॉक्टरांकडून ईसीजी, बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासून घेऊ. अंगात रक्त कमी असलं तरी धडधडतं. सगळं ठीक निघालं, तर नाडी बघणं थांबवू, श्वास सावकाश सोडू. तरी भीती हटेना, तर टेलि-मानसच्या १४४१६ वर बोलू. फोन फुकट आहे.

मात्र छातीवर दाब आला, दुखणं हाताकडे-जबड्याकडे गेलं, दम लागला किंवा दरदरून घाम फुटला, तर ‘गॅस असेल’ म्हणत, घरच्यांची झोपमोड नको म्हणत थांबायचं नाही. लगेच १०८ ला फोन करायचा.