सत्कार कोणाचा आणि कशासाठी?

(आमच्या गावच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांच्या सत्कारसभेत एका शाळामास्तराने केलेले भाषण)



मी काही मोठा विद्वान नव्हे. मराठी अध्यापक विद्यालयात शिकून आलेला साधा शाळामास्तर आहे, आणि गेली वीस वर्षे याच गावच्या पोरांकडून बाराखडी गिरवून घेतली आहे. तेव्हा माझे बोलणे शाळामास्तराच्या वकुबाचेच असणार. चुकले तर पोटात घालावे, पटले तर घरी गेल्यावर त्याचा विचार करावा.

आज या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या चौघांचा सत्कार आपण करीत आहोत. त्यांत एक मोठे सरकारी अंमलदार आहेत, एक इंजिनियर आहेत, एक कंत्राटदार आहेत आणि एक परदेशी नोकरीला आहेत. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या पोरांनी इथवर मजल मारली, याचा आनंद मला तुमच्याहून तिळमात्र कमी नाही. पण ही नावे निवडताना आपण काय पाहिले? हुद्दा पाहिला आणि पगार पाहिला. या विद्येतून समाजाला काय मिळाले, हा प्रश्न आपल्या बैठकीत कोणी काढला नाही. मी त्या बैठकीत होतो आणि मीही तो काढला नाही. तो माझा दोष आज सर्वांसमक्ष कबूल करतो.

मोठी विद्यापीठे आपल्या जुन्या विद्यार्थ्यांचा गौरव करतात, तेव्हा त्यांपैकी शहाणी विद्यापीठे दोन गोष्टी पाहतात. विद्येच्या बळावर त्याने काय कर्तृत्व केले, ही एक. आणि समाजाची कोणती सेवा केली, ही दुसरी. याचा दाखला आपल्याच माणसाचा देतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी कोलंबिया विद्यापीठ आहे. ता. ५ जून १९५२ रोजी त्या विद्यापीठाने डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांना ‘डॉक्टर ऑफ लॉज’ ही सन्मानाची पदवी दिली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात तेथे शिकले होते. १९१५ साली त्यांनी तेथील एम. ए. मिळवली आणि पुढे १९२७ साली पीएच. डी. पदवीही त्यांना तेथूनच मिळाली. म्हणजे विद्यापीठ आपल्या जुन्या विद्यार्थ्यालाच बोलावून त्याचा मान करीत होते.

तेव्हा बाबासाहेबांजवळ कोणती खुर्ची होती? कायदेमंत्रिपदाचा राजीनामा त्यांनी १९५१ सालीच दिला होता. लोकसभेच्या पहिल्या निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला होता. ते राज्यसभेचे सभासद होते, एवढेच. आपल्याकडची रीत अशी, की खुर्ची गेली म्हणजे हारही गेले. त्या विद्यापीठाने खुर्ची पाहिली नाही. हा थोर समाजसुधारक आहे, माणसाच्या हक्कांचा निधड्या छातीचा कैवारी आहे, असा त्यांचा गौरव केला. राज्यघटनेचे काम त्यांच्या कर्तृत्वात होतेच. पण गौरव झाला तो त्या विद्येचा उपयोग त्यांनी कोणासाठी केला याचा.

तो उपयोग शेतकऱ्याने व कामकऱ्याने तरी विसरू नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली पास झाला. पण तो कागदावरच राहिला होता. ता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन बाबासाहेबांनी व त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी त्यात जीव घातला. कोकणात खोत कुळांना नाडत होते. ती खोती बंद व्हावी म्हणून त्यांनी १९३७ साली मुंबईच्या असेंब्लीत बिल आणले, आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. त्यांत कोणी एकाच जातीचे नव्हते. कुणबीही होते आणि महारही होते. १९४६ साली त्यांनी काढलेल्या संस्थेचे सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झाले. परदेशात मिळवलेली विद्या ही अशी तळ्यावर, शेतावर आणि शाळेत उतरली.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती माझ्या धंद्याची आहे.

१९५२ चा हा सन्मान बाबासाहेबांचा पहिला सत्कार नव्हता. पहिला सत्कार ते शाळेत असतानाच झाला. त्याची हकीकत त्यांनी स्वतःच १९५६ साली आपल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या एका प्रस्तावनेत नमूद केली आहे. ते इंग्रजी चौथी पास झाले, तेव्हा समाजातील मंडळींना सभा भरवून त्यांचे अभिनंदन करावेसे वाटले. वडील सुभेदार रामजी यांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा शिरेल, नुसती परीक्षाच तर पास झाला आहे, असे त्यांचे म्हणणे. शेवटी त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुस्कर यांनी मध्ये पडून त्यांचे मन वळवले आणि सभा झाली. केळुस्कर गुरुजी शिक्षक होते. शिवाजीमहाराजांचे मोठे चरित्र त्यांनीच लिहिले. त्या सभेत त्यांनी मुलाला शाल पांघरली नाही. आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती दिले. त्या एका पुस्तकाचे पुढे काय झाले, हे १९५६ साली नागपूरला लाखो लोकांनी पाहिले.

आणि गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाले, ते ७५० पैकी २८२ गुणांनी. आमच्या सत्कारसमितीने असली गुणपत्रिका पाहून नाव खोडून टाकले असते! कॉलेजात गेल्यावर पैशांची ओढाताण सुरू झाली, तेव्हा याच केळुस्करांनी सयाजीराव महाराज गायकवाड यांच्याकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती मिळवून दिली. पुढे अमेरिकेस पाठवले तेही सयाजीराव महाराजांनीच. एका शाळामास्तराने शब्द टाकला नसता, तर न्यूयॉर्कचे विद्यापीठ कोणाचा सन्मान करणार होते?

सयाजीराव महाराजांच्या त्या शिष्यवृत्तीला करार होता, की परत येऊन दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी. १९१७ साली बाबासाहेब त्यासाठी बडोद्यास गेले. तेथे कचेरीतले शिपाई अंगाला अंग लागू नये म्हणून कागद लांबून फेकीत, आणि सबंध शहरात त्यांना राहायला कोणी जागा दिली नाही. नाइलाजाने त्यांना परतावे लागले. बडोद्याचा करार असा मोडला. पण विद्येचे ऋण त्यांनी मोडले नाही. बडोद्याला जे देऊ दिले गेले नाही, ते त्यांनी सबंध देशाला दिले.

आपल्याकडे पूर्वी अडल्या शेतकऱ्याला बियाणे सवाईने मिळे. पायली नेली तर सुगीला सव्वा पायली परत घालायची. शिक्षण हे तसेच बियाणे आहे. ते बापाच्या घामाचे असते, आईच्या मोडलेल्या डोरल्याचे असते, आणि सरकारी फीसवलत म्हणजे तुम्हां-आम्हां सर्वांच्या पट्टीचे असते. ते घरी नेऊन दळून खाल्ले, तर पुढच्या हंगामाला गावाने काय पेरावे? याच दुःखाने बाबासाहेबांनी १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याच्या सभेत, शिकलेल्या माणसांनीच आपल्याला दगा दिला, अशी खंत बोलून दाखवली. तो बोल केवळ त्यांच्या समाजाला नाही. मराठा, माळी, कुणबी, साळी, सुतार, लोहार, ज्याचा ज्याचा पोरगा शिकून शहरात गेला आणि गावचा रस्ता विसरला, त्या सर्वांना तो लागू आहे. मास्तर असून मीही त्यातून सुटत नाही.

आजच्या चारही पाहुण्यांचा मान ठेवून मी समितीला दोन विनंत्या करतो.

पहिली, या यादीत आणखी दोन नावे घालावीत. लोहारवाड्यातला आपला मुलगा तालुक्याला आय. टी. आय. शिकला. गेल्या टंचाईत गावचे हातपंप त्याने फुकट दुरुस्त केले, आणि त्याच्या पाण्यावर आपण उन्हाळा काढला. कुंभारवाड्यातली मुलगी नर्सिंग शिकून आरोग्य केंद्रात लागली. रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी ती कोणाच्याही दारी जाते. जात विचारीत नाही. दोघेही याच शाळेच्या फळ्यासमोर बसले होते. आज दोघेही सभेत आहेत, पण पाठीमागे उभे आहेत. त्यांना पुढे बसवावे.

दुसरी, पुढच्या सालापासून शाल-श्रीफळाचा आणि फ्लेक्सचा खर्च बंद करावा. सुताराची लेक यंदा दहावी पास झाली आहे आणि फीच्या काळजीने घरी बसली आहे. त्या पैशांतून तिची कॉलेजची फी, एस. टी. चा पास आणि पुस्तके होतील. आमच्या चार पाहुण्यांनी एकेका मुलाचा भार घेतला, तर त्यांच्या गळ्यात याहून मोठा हार आम्हांला घालता येणार नाही. मी मास्तर माणूस. माझे एक हजार रुपये आणि रोज संध्याकाळी एक तास, एवढे आताच लिहून घ्या.

चाळीस-पन्नास वर्षांनी एखादे मोठे विद्यापीठ आपल्या जुन्या विद्यार्थ्याचा सन्मान करील, तेव्हा तो विद्यार्थी या गावचा असेल की नाही, हे मला ठाऊक नाही. तोवर मी राहणारही नाही. पण त्याच्या हाती पहिले पुस्तक कोणी दिले, असे कोणी विचारले, तर गावाला मान खाली घालावी लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे.