मनाच्या औषधाचा संकोच



ज्वराचे औषध आपण चारचौघांत घेतो. मनाचे मात्र फडताळात दडवितो. पुढे सोयरीक अडेल, ही धास्ती. त्यापायी मुलाची गोळी शाळेला कळत नाही आणि शाळेत काय घडते ते डॉक्टरांना कळत नाही.

ज्यांचे अवधान मुळीच टिकत नाही, अशा काही अतिचंचल मुलांस डॉक्टर तपासून मेथिलफेनिडेट देतात. ही झोपेची गोळी, असा समज आम्ही पालकांत आणि शिक्षकांतही पाहिला. वस्तुतः ते उत्तेजक औषध असून अवधानास साह्य करते. १९३७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी अशाच जातीच्या औषधाने मुलांचे शालेय काम सुधारल्याची नोंद प्रसिद्ध केली. साध्या गोळीचा गुण सुमारे ४ तास टिकतो. भूक मंदावते, कधी झोप उडते. मूल सुन्न दिसू लागल्यास मात्रा पुन्हा तपासावी लागते. डबा तसाच परत जातो काय, अवधान केव्हा ढळते, हे वर्गशिक्षकांस दिसते.

औषध ठरविणे डॉक्टरांचे. पाहिलेले निःसंकोच सांगणे आपले. सोयरिकीच्या भयापोटी मुलाचे शिक्षण बुडू देऊ नये, एवढीच आमची विनंती.