नफा आहे, मग रोकड कुठे?

नफा-तोटा पत्रकात नफा दिसतो, पण पगाराच्या तारखेला बँकेत खडखडाट! बहुतेक वेळा कारण असतं उधारी. हा गुंता सोडवतं रोकड प्रवाह पत्रक. त्यातली रोजच्या धंद्याची रोकड दोन पद्धतींनी मांडता येते. प्रत्यक्ष पद्धतीत झालेली वसुली आणि चुकते केलेले पैसे थेट लिहायचे. अप्रत्यक्ष पद्धत नफ्यापासून सुरू होते. समजा, नफा 5 लाख. घसाऱ्याचे 1 लाख मिळवा, कारण ते खिशातून गेलेलेच नाहीत. गिऱ्हाइकांकडची उधारी 4 लाखांनी वाढली, ती वजा. कराचा हिशेब बाजूला ठेवला, तर हाती आले 2 लाखच! सेबीच्या नियमानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना हीच पद्धत वापरावी लागते. छोट्या दुकानदाराला मात्र प्रत्यक्ष पद्धतच सोयीची; पासबुक आणि रोजकीर्द घेऊन दर महिन्याला बसा.