‘राहिलो असतो’ची दोन रूपे

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रशियन तंत्रज्ञांबरोबर त्यांची भाषाही खुर्सीपारच्या परिसरात आली, आणि कित्येक भारतीय अभियंत्यांना ती शिकावी लागली. त्या भाषेतील आत्मवाचक क्रियापद मराठी माणसाला फारसे छळत नाही. क्रियापदाच्या शेवटी ‘स्या’ जोडावा. कर्ता मी असो, तू असो वा ते असोत, तो पुरुषाप्रमाणे बदलत नाही. संकेतार्थ हवा असेल तर भूतकाळी रूपाबरोबर ‘बी’ हे अव्यय ठेवावे. आपल्याकडेही ‘मी आपले तोंड धुतो’, ‘तू आपले तोंड धुतोस’ यांतील ‘आपले’ पुरुषानुसार हलत नाही.

स्पॅनिश भाषेत मात्र ही सवय नडते. ‘लावार्से’ म्हणजे स्वतःला धुणे. त्याचा संकेतार्थ असा चालतो: मे लावारीआ, ते लावारीआस, से लावारीआ, नोस लावारीआमोस, ओस लावारीआईस, से लावारीआन. प्रत्यय थेट धातूच्या मूळ रूपालाच लागतो, हे सोयीचे. (‘पोनेर्से’चे ‘मे पोंद्रीआ’ होते, असे आडमुठे धातू थोडेच आहेत.) परंतु ‘मी’ आणि ‘तो’ यांचे क्रियापद सारखेच, ‘लावारीआ’. कर्ता बहुधा अध्याहृत असतो. तेव्हा भेद सांगणारे ते चिमुकले ‘मे’ किंवा ‘से’च. सर्वांना ‘से’ लावून मोकळा होणारा विद्यार्थी स्वतःविषयी बोलू पाहतो आणि बोलतो तिसऱ्याविषयी.

हा ‘ईआ’ मुळात निराळे क्रियापद होता. ‘असणे, बाळगणे’ या अर्थाच्या धातूचे ते भूतकाळी रूप. जुन्या स्पॅनिशमध्ये सर्वनाम या दोहोंच्या मध्ये शिरत असे. पोर्तुगीजच्या औपचारिक लिखाणात ते आजही शिरते: ‘लावार-मे-ईआ’. १९६१ पर्यंत गोव्याच्या सरकारी कचेऱ्यांत जी भाषा चालली, तिच्यात हा सांधा असा उघडा दिसतो.

खरी अडचण अर्थाची आहे. ‘केदार्से’ म्हणजे मागे राहणे. ‘मे केदारीआ’ म्हणताना राहणे अजून शक्य असू शकते. ‘मे आब्रीआ केदादो’ म्हटले की ती वेळ निघून गेलेली असते. मराठीतले ‘सोय असती तर राहिलो असतो’ हे दोन्हीकडे चालते. विदर्भातून भिलाईत आलेल्या एखाद्या वृद्ध कामगाराने गावाविषयी हेच वाक्य उच्चारले, आणि स्पॅनिश शिकणाऱ्या नातवाने त्याचे भाषांतर करावयाचे ठरवले, तर व्याकरणाचे पुस्तक त्याला पुरणार नाही. त्याला आधी विचारावे लागेल, “आजोबा, गाडी सुटली आहे, की अजून उभी आहे?”